ओळख पटत नाही

१

हिंगोलीच्या त्या शिक्षण संस्थेत कॉम्प्युटरचं जे काही असेल ते प्रेमानंद पाईकराव बघायचा. संस्थेच्या शाळा आखाडा बाळापूरला, औंढ्याला आणि आणखी चार गावांत होत्या. २००३ पासून या सगळ्या शाळांचं टपाल ई-मेलनं जायला लागलं. मेलचा सर्व्हर पुण्यात एका कंपनीच्या खोलीत भाड्यानं ठेवलेला होता. हिंगोलीहून निघालेलं पत्र तिथं पोचेपर्यंत वाटेत कुणी उघडलं तर त्याला निरर्थक अक्षरं दिसावीत, अशी सोय प्रेमानंदनं स्वतः केली होती. वस्तीतला कॉम्प्युटर शिकलेला तो पहिला पोरगा. मुख्याध्यापकांना हे कुलपाचं प्रकरण समजावून सांगताना त्याला मनातून बरं वाटायचं.

एक काम मात्र त्यानं अर्धवट सोडलं होतं. जोडणी होताना पुण्याच्या सर्व्हरनं आपलं ओळखपत्र दाखवायचं असतं, आणि ते बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. प्रेमानंदनं ते घरच्या घरी तयार केलं. त्यामुळे शाळांमध्ये मेल उघडला की पडद्यावर चौकट यायची: या सर्व्हरची ओळख पटत नाही, तरीही पुढे जायचं का? मुख्याध्यापक घाबरून फोन करायचे.

"ते आपलंच आहे सर. हो दाबा," तो सांगायचा.

दोन-तीन महिन्यांत सगळे न वाचता हो दाबायला लागले. प्रेमानंदच्या स्वतःच्या मशीनवर ते ओळखपत्र कायमचं नोंदवलेलं होतं, म्हणून त्याला ती चौकट कधी दिसत नसे. २००४ च्या ऑगस्टमधल्या एका सोमवारी दिसली.

सोमवार हा त्याचा राणीला पत्र पाठवायचा दिवस. राणी धाकटी बहीण, त्याच वर्षी मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. माय, पद्माबाई, हट्ट्याला एकटी राहायची. हिंगोलीला ये म्हटलं तर म्हणायची, "माझं गाव सोडून मी तिथं काय भिताडं बघत बसू?" प्रेमानंद रविवारी हट्ट्याला जायचा, माय सांगेल ते वहीत उतरवून घ्यायचा, आणि सोमवारी दुपारी चारच्या सुमारास कार्यालयातून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून राणीला पाठवायचा. राणीला त्यानं संस्थेच्याच सर्व्हरवर खातं काढून दिलं होतं.

माय सांगायची चार पानं. तो लिहायचा आठ ओळी. त्या रविवारी मायनं दारातल्या शेवग्याबद्दल बरंच सांगितलं होतं. राणीनं लावलेला, यंदा पहिल्यांदा फुलला, वगैरे. सोमवारी त्याला घाई होती. शेवगा त्यानं गाळला. पत्र पाठवताना ती चौकट आली. आपण काहीतरी सेटिंग बदललं असेल, असं म्हणून त्यानं हो दाबलं.

बुधवारी राणीचं उत्तर आलं. "दादा, शेवग्याचं वाचलं आणि ड्यूटीवर डोळे पुसत बसले. मायला सांग, फुलं तोडू देऊ नको कुणाला."

प्रेमानंदनं पाठवलेल्या पत्रांची यादी उघडून बघितली. आठ ओळी. शेवगा नव्हता. वहीत होता, पत्रात नव्हता. आपणच दुसऱ्या एखाद्या मेलमध्ये लिहिलं असेल, असं त्याला वाटलं. माणूस विसरतो.

२

त्यानंतरच्या पाच-सहा पत्रांत असंच होत राहिलं. तो गाळायचा ते राणीला पोचायचं. एकदा मायनं चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचं काही सांगितलं होतं, एकदा पारूबाई शेजारणीच्या सुनेचं. दोन्ही त्यानं सोडून दिलं होतं, आणि दोन्हीला राणीची उत्तरं आली. सोनाजीच्या दुकानातल्या फोनवर माय आणि राणी बोलत असतील, असं त्यानं धरून चाललं. मायला विचारायचं मात्र त्यानं टाळलं. मायचे शब्द आपण कापतो, हे मग सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो मायला राणीचं पत्र वाचून दाखवत होता. दुपारची वेळ, दार उघडं, माय खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. राणीनं लिहिलं होतं, "माय, तू मला मारलंस त्या दिवशी मी झोपले नव्हते. तू हळद लावलीस, पायाशी बसून रडलीस, सगळं मला कळत होतं. मी डोळे मिटून पडले होते. इतक्या वर्षांनी तू स्वतःहून लिहिलंस, माझं मन हलकं झालं."

मायचा सुपातला हात थांबला.

"हे तिला कोणी सांगितलं?"

"तूच सांगितलं असशील फोनवर," प्रेमानंद म्हणाला.

"सोनाजीचा फोन दुकानात हाय. चार माणसं उभी ऱ्हातेत. तिथं मी असं बोलंन व्हय?" माय त्याच्याकडं टक लावून बघत होती. "नर्सिंगला जायाचं म्हणली म्हणून मारलं होतं मी तिला. मंग ती झोपल्यावर… प्रेमा, हे मी भिताडालाबी बोलले न्हाई. तू तर तवा नांदेडला होतास. तू कसं लिवलंस?"

प्रेमानंदनं वही चाळल्यासारखं केलं. वहीत काही नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

"तिलाच आठवलं असंल," तो म्हणाला.

"न्हाई. ती म्हणून राहिली, तू स्वतःहून लिहिलंस." मायनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग तिचा चेहरा सैल झाला. "जाऊ दे. कोणी का लिवंना. लेकराला कळलं ते बरं झालं."

तो बसनं हिंगोलीला परतला तेव्हा वाटभर त्याचं डोकं चालू होतं. मेल बदलणारा कुणी असेल तर तो पैशासाठी बदलेल, परीक्षेच्या पेपरासाठी बदलेल. एका म्हातारीनं लेकीला लावलेली हळद कुणाला हवी असणार? आणि तिच्या मनात पडून असलेली गोष्ट तारेवरून कशी चोरता येईल? या प्रश्नाला तंत्राच्या बाजूनं उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं प्रश्नच सोडून दिला. शिवाय माय त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसली होती.

दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा आली. त्यानं हो दाबलं.

३

नोव्हेंबरात मायच्या पोटात दुखायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून प्रेमानंदला एकट्याला आत बोलावलं. गाठ होती आणि ती पसरली होती.

राणीची परीक्षा डिसेंबरात होती. ती पास झाली की तिची नोकरी तिथं पक्की होणार होती. प्रेमानंदनं आणि त्याच्या बायकोनं, शीतलनं, ठरवलं की परीक्षा होईपर्यंत तिला कळवायचं नाही. म्हणजे ठरवलं प्रेमानंदनंच. शीतल एवढंच म्हणाली होती, "तिला कळलं नाही तर ती तुम्हाला माफ करंल का?"

मायनं पहिल्याच रविवारी सांगितलं, "लिव तिला. मायची तबियत बराबर न्हाई, एकदा येऊन जा म्हणावं."

त्यानं वहीत लिहिलं. सोमवारी टाइप केलं: "माय ठीक आहे. थोडी अशक्त आहे इतकंच. तू परीक्षेकडं बघ. आत्ता येऊ नको."

पुढच्या रविवारी माय म्हणाली, "लिवलं का?"

"लिवलं."

"काय म्हणली?"

"येते म्हणली."

असे तीन रविवार गेले, आणि तिन्ही सोमवारी त्याच ओळी गेल्या. चौथ्या रविवारी मायला उठवून बसवावं लागलं, आणि तिचं मनगट हातात धरल्यावर प्रेमानंदचा धीर सुटला. सोमवारी त्यानं खरं लिहिलं. काहीही न गाळता लिहिलं. "राणी, मी तुझ्याशी खोटं बोललो. मायला कॅन्सर आहे. डॉक्टर महिना म्हणतात. परीक्षा राहू दे, निघून ये. ती रोज तुझं नाव घेते."

उत्तर दोन दिवसांनी आलं. "बरं दादा. परीक्षा झाली की येते. मायला जप."

एवढंच. प्रेमानंद त्या ओळीकडं किती तरी वेळ बघत बसला. त्यानं पुन्हा लिहिलं, आणखी स्पष्ट लिहिलं. त्यावर राणीनं कळवलं की तिचं हॉस्टेल बदललंय, नवा नंबर हा असा आहे. बसस्टँडसमोरच्या बूथमधून त्यानं तो नंबर सात वेळा लावला. घंटी वाजायची. कुणी उचलायचं नाही. जुना नंबर त्यानं एकदाही लावून बघितला नाही. बदललाय म्हटल्यावर कशाला लावेल?

४

जानेवारीच्या अकरा तारखेला दुपारी तीनच्या सुमारास माय गेली. जवळ प्रेमानंद एकटाच होता. शीतल पारूबाईकडं ताक आणायला गेली होती.

त्यानं राणीला कळवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "दादा, बातमी वाचली. सुट्टी मिळत नाही. आता येऊन तरी काय करू? जे करायचं ते तुम्ही करून घ्या."

जलदान विधीला सगळे नातेवाईक जमले, आणि प्रत्येकानं विचारलं, राणी कशी आली नाही. प्रेमानंद म्हणाला, सुट्टी नाही मिळाली. त्यानं ते पत्र कुणाला दाखवलं नाही, फक्त शीतलला दाखवलं. शीतल वाचून म्हणाली, "राणी असं लिहीत नाही हो." तो चिडला. "मग कोण लिहितंय?" म्हणाला, आणि ताटावरून उठला.

त्यानंतर त्यानं राणीला एकही पत्र लिहिलं नाही. तिकडूनही आलं नाही. चौदा महिने असेच गेले. हट्ट्याच्या घराला कुलूप लावलं, किल्ली पारूबाईकडं दिली. बहीण आहे असं तो कुणाजवळ बोलेनासा झाला, आणि तिच्याबद्दल मनात इतकं कडू साठलं की मायच्या आठवणीतही ते मिसळायला लागलं.

कार्यालयात एक बारीक गोष्ट व्हायची. सोमवारी तो बाहेर शिपायाशी किंवा कुणा मास्तराशी बोलत असला, की चार-सव्वाचारला आतल्या बंद खोलीतून मोडेमचा आवाज यायचा. आधी नंबर फिरवल्याचे टुणटुण सूर, मग ती लांबट किरकिर, मग शांत. तो आत जाऊन बघायचा तर मशीन जोडलेलं असायचं आणि पडद्यावर काही नसायचं. आपोआप मेल तपासायची सोय कुठंतरी चालू राहिली असेल, असं तो म्हणायचा. दोनदा त्यानं ती सोय शोधली. ती बंदच होती. तरी तो तसंच म्हणत राहिला.

५

२००६ च्या मार्चमध्ये, एका गुरुवारी दुपारी, सोनाजीच्या दुकानातून कार्यालयात फोन आला. पारूबाई बोलत होती.

"प्रेमा, बाबा, लवकर ये. राणी आलीय."

"येऊ दे," तो म्हणाला.

"तसं न्हाई रे. ती इचारून राहिली, माय कुठं गेली. मी काय सांगू तिला?"

हट्ट्याला पोचायला त्याला अडीच तास लागले. राणी कुलूप लावलेल्या दारापुढं पायरीवर बसली होती. शेजारी मोठी बॅग, मांडीवर एक पिशवी. पिशवीत मायसाठी आणलेली शाल होती. वस्तीतल्या चार बाया जरा लांब उभ्या होत्या. त्यांतली एकही तिच्याजवळ जात नव्हती.

"दादा, कोणी सांगून न्हाई राहिलं," ती उठत म्हणाली. "माय बोधगयेहून आली न्हाई का अजून? तू लिवलं होतंस, जाणार हाय म्हणून."

प्रेमानंदला वाटलं ही चेष्टा करतेय. इतकी क्रूर चेष्टा कुणी करील, यावर त्याचा विश्वास बसेना, आणि दुसरं काही सुचेना.

"माय गेली, राणी. मागच्या वर्षी जानेवारीत. तुला कळवलं होतं. तू उत्तर पाठवलंस."

ती हसली, थोडंसंच. मग त्याचं तोंड बघून थांबली.

"सोमवारी तिचं पत्र आलंय मला," ती म्हणाली. "दर सोमवारी येतंय."

तिनं बॅग उघडली. वाचनालयातल्या प्रिंटरवर छापलेले कागद तिनं तारखेनं लावून आणले होते, मायजवळ बसून पुन्हा वाचायला म्हणून. त्यानं पहिला हाताशी आला तो घेतला. तारीख २५ जुलै २००५. पाठवणारा तो स्वतः. इंग्रजी अक्षरांत मराठी, 'माय' या शब्दात दोन ए, तो नेहमी घालायचा तसे. "राणी, माय सांगते की यंदा शेवग्याच्या शेंगा पारूबाईला दिल्या. गुडघा दुखतो पण चालते. सोनाजीच्या दुकानातला फोन कटला आहे, माझ्या ऑफिसात खासगी फोन घेऊ देत नाहीत, तर मेलच करत जा. आत्ता येऊ नको, पुढच्या वर्षी ये."

राणी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"कुठं हाय माय?" तिनं विचारलं. "खरं सांग, दादा."

ती रडली ते संध्याकाळी, पारूबाईच्या ओसरीवर. तोवर ती फक्त विचारत राहिली. कधी, किती वाजता, काय दुखत होतं, पाणी प्यायली का.

६

शनिवारी कार्यालयाला सुट्टी होती. दोघं आत बसले. प्रेमानंदनं आपल्या मशीनवरची पाठवलेली पत्रं उघडली, राणीनं आपले कागद टेबलावर मांडले, आणि तारखेमागून तारीख ते ताडून बघू लागले. हॉस्टेल बदलल्याचं किंवा सुट्टी मिळत नसल्याचं राणीनं कधी लिहिलंच नव्हतं.

पुण्याच्या कंपनीत नांदेडचा त्याचा जुना वर्गमित्र लालसिंग होता. प्रेमानंदनं त्याला फोन करून सर्व्हरच्या खोलीत पाठवलं. प्रत्येक ओळखपत्राला आकड्यांचा एक लांबलचक ठसा असतो. माणसाच्या अंगठ्यासारखा, दुसऱ्याचा तसा नसतो. लालसिंग पुण्याहून खऱ्या ठशातला एकेक आकडा वाचू लागला, आणि प्रेमानंद आपल्या पडद्यावरच्या चौकटीत तो शोधू लागला. पहिलाच जुळला नाही.

"नाव तेच आहे, तारीख तीच आहे," प्रेमानंद म्हणाला. "पण हे माझं नाही."

"मग तू दीड वर्षापासून पुण्याशी बोलतच नाहीयेस," लालसिंग म्हणाला. "मध्ये कुणीतरी बसलंय. तुला म्हणतंय मी पुणे, आणि पुण्याला म्हणतंय मी प्रेमानंद. तू हो दाबलंस ना?"

"दाबलं."

"दर सोमवारी दहा मिनिटं तुझ्या खात्यात कुणीतरी येतंय. नोंद आहे इथं. मागच्या वर्षी तेवीस मेला पण आलंय."

"कुठून?"

लालसिंगनं नंबर वाचला. तो याच कार्यालयाच्या लाइनचा होता.

तेवीस मे म्हणजे बुद्धपौर्णिमा. कार्यालय बंद होतं, किल्ली प्रेमानंदच्या खिशात होती, आणि चार वाजता तो विहारात खीर वाटत होता.

"बाहेरून लाइनीवर कुणी चढलं असेल," लालसिंग म्हणाला. "होतं असं." थोडं थांबून त्यानं विचारलं, "पण प्रेम्या, यात चोरी काय झाली?"

प्रेमानंदनं फोन ठेवला. राणीसमोर नोव्हेंबर आणि डिसेंबर २००४ ची पत्रं होती. एका बाजूला त्याच्या मशीनवरची, एका बाजूला तिची.

"दादा, हे बघ. डिसेंबरचं. तू लिवलंस, कॅन्सर हाय, निघून ये. मला आलं ते हे." तिनं कागद पुढं सरकवला. "माय ठीक आहे. थोडी अशक्त आहे इतकंच. तू परीक्षेकडं बघ. आत्ता येऊ नको."

"मी नाही लिहिलं ते."

"व्हय. पण हे नोव्हेंबरचं. हेबी तेच हाय. शब्दाला शब्द." ती पडद्याकडं बोट करत होती, त्याच्या स्वतःच्या पाठवलेल्या पत्रांकडं. "हे तुझ्या मशीनमधे हाय. हे कोणी लिवलं?"

त्यानं खुर्ची मागं घेतली.

"तीन वेळा हाय," राणी म्हणाली. "पहिली तीन तुझी का?"

"तुझी परीक्षा होती, राणी."

"आन् माय?"

"माय म्हणत होती, बोलाव. मी तिला सांगायचो, लिवलं म्हणून."

राणीनं सगळे कागद हळूहळू एकत्र केले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. शेवगा, भाकरी, हळद, सगळं आधी तिला त्याच तिऱ्हाइतानं कळवलं होतं, आणि ते खरं होतं. मग प्रेमानंदनं खोटं लिहिलं, आणि पुढं त्या तिऱ्हाइतानं प्रेमानंदचंच वाक्य उचललं.

"माझ्यापाशी शंभरावर पत्रं हायेत," ती म्हणाली. "यातलं तुझं कुठलं, मायचं कुठलं, आन् त्याचं कुठलं, हे मी आता कोणाला इचारू?"

७

प्रेमानंदनं त्याच आठवड्यात सगळं बदललं. सर्व्हरचं ओळखपत्र रीतसर बाहेरून करून घेतलं, सगळे पासवर्ड नवे केले, शाळाशाळांत जाऊन सांगितलं की चौकट आली तर नाही दाबा आणि मला फोन करा. टेलिफोनवाल्यानं खांबापासून खोलीपर्यंत तार तपासली. तारेला कुठं जोड नव्हता. सोमवारी चार वाजता तो आणि राणी मोडेमसमोर बसून राहिले. पाच वाजले. आवाज आला नाही. राणीच्या खात्यात पत्र आलं नाही. प्रेमानंदनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि राणीकडं बघितलं, तर ती ओठ आवळून बसली होती. चौदा महिन्यांची माय तिला त्या वाटेनंच मिळाली होती, आणि ती वाट त्यानं आत्ता तिच्यासमोर बंद केली होती.

परत जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "हट्ट्याला जाऊ. मायच्या खोलीत बसायचंय मला."

पारूबाईकडून किल्ली घेतली, दार उघडलं. खोलीत खाट होती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात सूप. राणी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली. प्रेमानंद खाटेच्या कडेवर बसला.

"एक पत्र वाचलं न्हाई मी," ती म्हणाली. "निघायच्या सोमवारचं. छापून घेतलं आन् बॅगेत टाकलं. म्हणलं आता मायच भेटणार हाय, पत्र काहून वाचू. तू वाच."

"नको, राणी. फाडून टाक."

"तू वाच, दादा. न्हाई तर मी वाचते."

त्यानं घडी उघडली. वरती त्याचं नाव नव्हतं, नमस्कार नव्हता. तो मोठ्यानं वाचू लागला.

"राणी, लेकरा. तू निघालीस हे मला म्हाईत हाय, कोणाला सांगितलं न्हाईस तरी. घराला कुलूप दिसंल. पारूबाईकडून किल्ली घे. प्रेमावर राग धरू नको. त्याला लई तकलीफ झाली. शेवटच्या दिवशी मी त्याला इचारलं, राणी आली का. तो म्हणला, आली माय, दारात उभी हाय."

प्रेमानंदनं वाचणं थांबवलं. राणीनं त्याच्या हातून कागद घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं.

"मी मान वळवली. खरंच उभं होतं. मी म्हणलं, आत ये बाई, काहून उभी राहिलीस. मंग ते आत आलं."

पत्र तिथंच संपलं होतं.

बाहेर कुणीतरी बैल हाकत गेलं. राणीनं कागद मांडीवर ठेवला.

"तू असं म्हणला होतास? दारात उभी हाय म्हणून?"

"व्हय."

"कोणाला सांगितलं होतं तू हे?"

"कोणालाच न्हाई. शीतललाबी न्हाई. तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणलो, राणी. ती सारखी इचारत होती."

"आन् मायनं मान वळवली?"

"वळवली. हसली. आत ये, म्हणली." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला वाटलं, भास होतोय तिला. मी म्हणलं बरं झालं, भासात तरी भेटली. मंग अर्ध्या घडीत गेली."

राणीनं कागदाची घडी पुन्हा घातली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "दादा, दारात कोण होतं?"

त्या दिवशी तो याच खाटेच्या याच कडेवर बसला होता, मायचा हात हातात घेऊन. इथं बसलं की दार पाठीमागं येतं.

"मी मायकडं बघत होतो," प्रेमानंद म्हणाला.